सपाट माप

रिसालीतल्या आमच्या गच्चीवर मी रंगाच्या रिकाम्या बादल्यांत धान लावते. दरवर्षी लावते. कार्तिक लागला की लोंब्या वाकतात आणि संध्याकाळी वारा पडल्यावर पिकत्या धानाचा वास येतो. मुलगा म्हणतो, आई, चार बादल्यांतल्या धानाचा कसला वास येणार? त्याला शेजारची फोडणी येते, रस्त्यावरच्या स्कूटरचा धूर येतो, वारा फिरला तर कारखान्याचाही वास येतो. येऊ दे. नाक माझं आहे, आणि पंच्याऐंशी उलटल्यावर मी कशाचा वास घ्यावा हे मला कोणी शिकवू नये.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत सुनेने केक करायला घेतला. कपात मैदा भरला, वर जमलेला ढीग सुरीच्या पाठीने सर्रकन उतरवला, कप कडेपर्यंत सपाट केला. मी खुर्चीवर बसून बघत होते. ती म्हणाली, "आई, बराबर लेवल होना चाहिए, नहीं तो कभी फूलता है, कभी बैठ जाता है." मला हसू आलं. तिला वाटलं मी केकला हसले आणि ती जराशी रुसली. तिला काय सांगणार? हीच गोष्ट मी माझ्या सासऱ्यांना सांगितली होती, भर ओसरीत, नवी नवरी असताना. आणि आमच्या मापात मैदा नव्हता, बंदुकीची दारू होती.

भिलाई तेव्हा अजून भिलाई व्हायची होती. रुळांच्या बाजूने लाल माती उकरलेली, तिच्यात लोखंडाचे खांब उभे राहत होते, आणि रोज कुठून ना कुठून माणसांचे जथे येऊन उतरत होते. पंजाबी, बंगाली, तेलुगू, मधूनच उन्हाने लालबुंद झालेले रशियन साहेब. दिवसभर धूळ, आणि त्या धुळीत यंत्रांची घरघर. नागपूरहून लग्न होऊन आले तेव्हा ती घरघर ऐकून मला वाटलं होतं, जवळच कुठे मोठी गिरणी आहे.

माझे बाबा नागपूरला रेल्वेत होते. घरातल्या सगळ्यांचा प्रवास पासावर. पण मला सासरी पाठवताना त्यांनी खिडकीवर जाऊन तिकीट काढलं. पोरगी सासरी फुकट जायला नको, म्हणाले. ते जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट मी सगळी वाट मुठीत धरून आले. दुर्गला गेटवर तिकिटं जमा करणारा बाबू माझ्या सासऱ्यांच्या ओळखीचा निघाला. त्यांचं उभं आयुष्य याच लाइनीवर गेलेलं, गँगमन म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. बाबूने माझी मूठ पाहिली आणि म्हणाला, राहू दे बाई, ठेव तुझ्याजवळ. मी ते ठेवलं. पुढे ते कोणत्या कामाला येणार होतं हे ना त्याला माहीत होतं, ना मला.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात, सासूला आत्याबाई. मूळचे ते भंडाऱ्याकडचे, शेतकरी. रेल्वेने त्यांना इकडे आणलं, पण हातातली माती काही सुटली नाही. पै पै करून त्यांनी हथखोजच्या बाजूला धानाचं शेत घेतलं होतं आणि शेताला लागूनच मातीचं घर बांधलं होतं. आज त्या जागी छोटे छोटे कारखाने आहेत. पत्रे कापतात, नटबोल्ट पाडतात. तिथून रिक्षाने गेले की मी रिक्षावाल्याला थोडं हळू घ्यायला सांगते. तो विचारतो, काही राहिलं का अम्मा? मी म्हणते, नाही, काही राहिलं नाही.

मी आले त्याच पावसाळ्यात जमिनीचा निकाल लागला. सरकारी माणूस येऊन सांगून गेला की हा सगळा पट्टा कारखान्याच्या कामाला लागणार. मात्र ज्याच्या शेतात पीक उभं असेल त्याला कापणीपर्यंत सवड. जिथे पीक नसेल तिथे यंत्र लगेच उतरेल. मामाजींनी ऐकून घेतलं, बैलांना पाणी दाखवलं आणि रोवणीला निघून गेले.

मला कारखान्याचा राग नाही, हे आधीच सांगून टाकते. याच कारखान्याच्या पगारावर माझी मुलं शिकली, रिसालीचं हे घर झालं. माझे यजमान मनोहर तेव्हाच तिथे रिगर म्हणून लागले होते, दोरखंड आणि पुली लावून लोखंड वर चढवायचं काम. संध्याकाळी घरी येऊन ते अभिमानाने सांगायचे, आज अमका खांब उभा केला. मलाही अभिमान वाटायचा. मला राग येतो तो फक्त एका वाक्याचा. तसंही जाणारच आहे. त्या वर्षी हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं. घर लिंपायचं कशाला, तसंही जाणारच आहे. बांध घालायचा कशाला, तसंही जाणारच आहे. माणूस जिवंतपणीच हात कसा सोडून देतो ते मी त्या हंगामात पाहिलं, आणि तेव्हापासून हे वाक्य माझ्या घरात मी कुणाला पूर्ण करू दिलेलं नाही.

धान पोटरीला आलं आणि रानडुकरं आली. ती आधीही यायची, पण चुकूनमाकून. आता पलीकडचं जंगल तोडलं जात होतं, सुरुंग फुटत होते, यंत्रं माती ढकलत होती. बिचाऱ्यांना जायला जागा नव्हती आणि खायला आमची शेतं होती. दिवेलागणीला कळपाने उतरायची. खायची थोडं, तुडवायची फार. एका संध्याकाळी उभं शेत असायचं, सकाळी तिथे चिखलात झोपवलेला पेंढा.

आमच्या बांधाला बांध लागून बिसाहूचं शेत होतं. मूळचा छत्तीसगढी माणूस, मामाजींच्या वयाचा, त्यांचा तंबाखूचा सोबती. दरवर्षी तो टिन वाजवून, आरोळ्या मारून शेत राखायचा. त्या वर्षी तो राखणीच्या माचीवर चढलाच नाही. मामाजी विचारायला गेले तर बसल्या जागेवरून म्हणाला, "काबर राखबो, भाई? भुइँयाच नइ बाँचिस." राखायचं कशाला, जमीनच वाचली नाही. त्याचं शेत डुकरांनी झोपवलं, आणि झोपलेलं शेत बघून यंत्र आलं. त्याच्या बांधावरचं बाभळीचं झाड पडताना मी आमच्या अंगणातून पाहिलं. बिसाहू पाठ करून बसला होता.

त्या रात्री जेवताना यजमान वडिलांना म्हणाले, दादा, सोडा आता, पगार येऊन राहिला नं. मामाजींनी हातातला घास खाली ठेवला. ते फार बोलणारे नव्हते. "जमीन नेतात तं नेऊ दे," म्हणाले. "पन माह्या हातानं कापलेली नेतील. डुकरानं खाल्लेली नाही." मी वाढत होते. मला त्या माणसाचा तेव्हा पहिल्यांदा अभिमान वाटला, आणि मनात मी त्यांच्या बाजूला जाऊन बसले.

मामाजींकडे एकनळी बारा बोअरची बंदूक होती, पीक राखायच्या परवान्यावरची. विकतची काडतुसं परवडायची नाहीत आणि वेळेवर मिळायचीही नाहीत. म्हणून पितळेची रिकामी काडतुसं जपून ठेवायची आणि दुर्गच्या परवान्याच्या दुकानातून दारू, छर्रे, बार पेटवणाऱ्या टोप्या आणून घरीच भरायची. मापाला होती एक कापलेली जुनी पितळी नळी, तारेचा दांडा लावलेली. दारू भरणं हे मामाजींचं काम. ते त्याला पूजेला बसावं तसे बसायचे.

आणि इथेच घोटाळा होता. मामाजी दारू मोजायचे खळ्यावर धान मोजावं तशी. आमच्याकडे खळ्यावर पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, राम म्हणतात. छत्तीसगढी लोकांची ही रीत, आमच्या लोकांनी उचललेली. राम, मग दोन, मग तीन. आणि माप कधी सपाट द्यायचं नाही. काठा, म्हणजे धान मोजायचं लाकडी माप, भरला की वर ढीग चढला पाहिजे, दाणे कडेवरून ओघळले पाहिजेत, त्याला शीग म्हणायचं. देणाऱ्याने माप हाताने पुसलं तर घेणारा तोंडावर बोलत नसे, पण पुढच्या वर्षी त्याच्या कापणीला कोणी फिरकत नसे. मामाजींचा हात असा वाढलेला. काडतूस भरतानाही ते पुटपुटायचे, राम, आणि माप शिगेचं. वर आणखी एक चिमूट, भुईच्या नावाची. शेवटचं वर्ष म्हणून त्या वर्षी चिमूट मोठी होती.

राखणीच्या पहिल्याच संध्याकाळी कळप बांधावर आला. मामाजी माचीवर, मी आणि आत्याबाई घराच्या दारात. पहिला बार झाला तो खोकल्यासारखा. छर्रे अलीकडेच कुठेतरी पडले. डुकरांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. मामाजींनी दुसरं काडतूस घातलं. त्याचा आवाज असा झाला की आमच्या दाराची कडी हलली. मामाजी माचीवरून मागच्या मागे चिखलात पडले. आम्ही धावत गेलो तेव्हा त्यांचा उजवा खांदा वेडावाकडा झाला होता, आणि कळप पूर्वेच्या कोपऱ्यात निवांत चरत होता.

वैद्याने खांदा बसवला आणि हात गळ्यात बांधून दिला. गावात लगेच पसरलं की म्हाताऱ्याला आता बंदूक पेलत नाही. यजमान म्हणाले, बंदूक जमा करून टाकू. मामाजी भिंतीकडे तोंड करून निजले होते. त्यांचा खांदा दुखत होताच, पण मला दिसत होतं की त्याहून दुसरंच काही दुखत आहे. बिसाहूसारखी पाठ करून बसायची पाळी आता त्यांच्यावर येणार होती, आणि ती मला येऊ द्यायची नव्हती.

दुपारी सगळे पांगल्यावर मी उरलेली काडतुसं घेतली. चुलीत पाणी ओतलं, ओसरीवर पितळेची परात मांडली, आणि एकेक काडतूस उघडून त्यातली दारू वेगवेगळ्या पानांवर ओतली. पळसाच्या पानांवर काळे ढीग. एकही दुसऱ्यासारखा नाही. कुठे चांगला थोरला, कुठे त्याच्या पाऊण. एकाच हाताने, एकाच मापाने भरलेले. मी ती परात तशीच उचलून मामाजींच्या खाटेशी नेऊन ठेवली.

त्यांनी डाव्या हाताने एकेक पान जवळ ओढलं. मग म्हणाले, "माप तं मी चांगलं शिगेचं भरलं होतं, बाई."

तेच चुकते, मी म्हणाले. शीग दर वेळी वेगळी चढते. हात थरथरला की कमी, मन भरून आलं की जास्त. दव पडून दारू ओली झाली तर वेगळी, कोरडी असली तर वेगळी. माप कडेपर्यंत सपाटच पाहिजे. हे सगळं मी खाली मान घालून बोलले, पण बोलले.

मामाजी उठून बसले. त्यांचा आवाज चढला नाही, पण कडक झाला. "माह्या घरात सपाट माप चालत नाही. आजवर कोनाले देल्लं नाही."

आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नव्या सुनेने इथे गप्प बसायचं असतं, हे मला माहीत होतं. आईने निघताना तेवढं एकच बजावून सांगितलं होतं. मी पदर सावरला आणि म्हणाले, "मामाजी, मानसाले देता म्हनून शिगेचं देता. डुकराले कावून जास्तीचं द्याचं?"

मग मामाजींचं पोट हलायला लागलं. हसताना खांदा दुखायचा, म्हणून ते कण्हत होते आणि हसत होते. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. त्यानंतर त्या घरात दारू भरायचं काम माझं झालं, आणि यजमान संध्याकाळी येऊन म्हणाले की बाईमाणसाने दारूला हात लावू नये, तेव्हा मामाजींनीच सांगितलं, तू आपलं लोखंड चढव.

सपाट करायला हाताशी काय? बोट फिरवलं तर खड्डा पडतो. सुरी लोखंडाची, ती दारूजवळ नको. तेव्हा मला तिकीट आठवलं. जाड, ताठ, कड सरळ. पेटीतून काढलं, मापावरून एकदाच फिरवलं. जास्तीचे दाणे परातीत पडले आणि माप असं सपाट झालं की मला त्याचाच आनंद झाला. बाबांनी पैसे देऊन घेतलेलं तिकीट अखेर कामी आलं.

पण तरीही दोन मापं सारखी येईनात. पुन्हा पानांवर ओतून पाहिलं, फरक थोडा होता, पण होता. मी वैतागले. कारण सापडलं तेव्हा स्वतःचंच हसू आलं. माझ्या हातातल्या बांगड्या. नव्या नवरीच्या, मनगटभर. दारू ओतताना त्या मापावर किणकिणायच्या, त्या धक्क्याने दारू दबायची, आणि दबली की तितक्याच मापात जास्त मावायची. बांगड्या काढाव्यात तर अपशकुन. आत्याबाई बघत होत्या. त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, माझ्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि घट्ट बांधल्या. "आता वाजत नाहीत," एवढंच म्हणाल्या. मला त्या घरात आपलं म्हणून कोणी घेतलं असेल तर त्या क्षणी घेतलं.

मग माझी एक रीत बसली. भर दुपारी, दव उडाल्यावर बसायचं. चूल विझलेली, घरात विडी कुणाची नाही. दारू दर वेळी तितक्याच उंचीवरून, तितक्याच सावकाश. माप आपटायचं नाही, हलवायचं नाही. तिकीट एकदाच, एकाच बाजूने. मनात कुणाचं नाव नाही, भुईचंही नाही. हे मला सगळ्यात जड गेलं. हाताला भक्ती असली की हात सारखा राहत नाही, हे मी त्या ओसरीवर शिकले. पुढे संसारात ते फार उपयोगी पडलं. मुलांना वाढताना, सुनांशी वागताना, मी मनातल्या मनात ते तिकीट किती वेळा फिरवलं असेल!

उजवा खांदा निकामी, म्हणून मामाजी नळी माचीच्या बांबूवर टेकवून, डाव्या खांद्याला दस्ता लावून नेम धरायला शिकले. या वयात. कारखान्याच्या ढिगातून आलेला एक फुटका पत्रा बांधाला टेकवला आणि एक बार टाकला. छर्रे डावीकडे गेले. दुसरा टाकला. तोही डावीकडे, तिथेच. यजमान म्हणाले, दोन्ही चुकले. मामाजींचा चेहरा मात्र खुलला होता. ते पत्र्याजवळ गेले, भोकांच्या त्या दोन जाळ्यांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, आता जमते. मला तेव्हाच कळलं. चूक दुरुस्त करायची तर चूकसुद्धा दर वेळी एकसारखी हवी. रोज नवी चूक करणाऱ्या माणसाला आणि बंदुकीला देवही सुधारू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य टेकला आणि कळप आला. मी माचीखाली बसले होते, काडतुसं ओच्यात. पुढे मोठा नर, त्याच्या पाठीवर चिखल वाळलेला. तो आमच्या धानात शिरला, लोंब्या सळसळल्या. इथे हरलो तर उद्या यंत्र येणार होतं. पहिला बार झाला. पुरता. खणखणीत. छर्रे त्याच्या पुढ्यात चिखलात उडाले. तो पळाला नाही, आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. मी वर काडतूस दिलं. मामाजींनी ते नळीत सरकवलं. पहिला जिथे गेला तिथून त्यांनी नळी जराशी वर उचलली. दुसऱ्या बारानंतर तो नर गुडघ्यांवर बसला आणि मग कुशीवर पडला. कळप असा उधळला की फार दिवस फिरकला नाही. जो पुन्हा आला त्यालाही तसाच एकसारखा पाहुणचार मिळाला.

मला त्या जनावराचं वाईट वाटलं, हेही सांगते. त्याचंही घर गेलं होतं. पण आमचं जायच्या आधी आम्हाला एक काम पुरं करायचं होतं.

धान पिवळं पडलं आणि ठेकेदाराचा मुन्शी डोझर घेऊन आला. त्याला सांगितलेलं होतं की हा सगळा पट्टा डुकरांनी साफ केला आहे, सरळ रस्ता काढा. मामाजी घरात होते, यजमान ड्युटीवर. मी शेताच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. मागे धान. पिवळं, वाकलेलं, वाऱ्यावर हलणारं, चहूकडे लाल माती आणि मध्ये तेवढंच एक. मुन्शी म्हणाला, बाजूला व्हा, इथे तर काहीच उरलेलं नव्हतं. मी मागे हात केला आणि म्हणाले, "खड़ा है."

त्याने धानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कापणीपर्यंत सवड हा शब्द सरकारचाच होता. तो चिडून बरंच बोलला, हे तसंही जाणारच आहे, चार दिवस इकडे की तिकडे. बोलता बोलता डोझर चालवणाऱ्याने इंजिन बंद केलं. तो खाली उतरला, बांधावर बसला, एक लोंबी तोडून दाताखाली दाणा फोडला आणि कुणाकडे न बघता म्हणाला, पकने दो जी. एवढी मोठी घरघर थांबली की किती शांत वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

आम्ही धान कापलं. गळ्यात हात बांधलेले मामाजी डाव्या हाताने विळा चालवत होते. बिसाहू न बोलावता आला आणि आमच्या ओळीला लागला. कापता कापता तो रडत होता की घाम पुसत होता, मी पाहिलं नाही. यजमानांनी एक पाळी बुडवली आणि संध्याकाळी भारे वाहिले. रिगर माणूस, भारा त्यांनी असा बांधला की एक काडी निसटली नाही. शेत रिकामं झालं तेव्हा मामाजी मधोमध उभे राहिले आणि चहूकडे बघून म्हणाले, घ्या आता.

शेजारचे विचारतात, बादल्यांत धान लावून काय मिळतं? मूठभर मिळतं. ते मी वाटीने मोजते, शिगेचं, पहिल्या वाटीला राम म्हणून, आणि निम्मं गच्चीवरच्या चिमण्यांना टाकते. मुलगा म्हणतो, आई, या वयात कशाला हा खटाटोप, तसंही... आणि माझ्याकडे बघून थांबतो. थांबायलाच हवं. मी अजून उभी आहे.

खळ्यावरचा शेवटचा दिवस मला आज सकाळच्यासारखा दिसतो. धानाची रास पडली होती. मामाजी काठा घेऊन बसले. बिसाहूला पहिलं माप. राम, आणि शीग अशी की त्याच्या पंच्यात दाणे मावेनात. कापणाऱ्या बायांना माप, शीग चढवून. डोझरवाला उगाच लांब उभा होता, त्याला मामाजींनी हाक मारली. तो म्हणाला, माझा काय हक्क? मामाजींनी त्याच्या रुमालात काठा उपडा केला, वर आणखी एक मूठ घातली. मग मुन्शी पुढे झाला. साहेबाच्या नावाने एक माप द्यायचं असतं, म्हणाला, रीत आहे, आम्ही थांबलो नाही का तुमच्यासाठी?

सगळे मामाजींकडे बघायला लागले. मामाजींनी काठा राशीत खुपसला, भरून वर काढला. ढीग चढला, दाणे कडेवरून ओघळले. मुन्शीने पिशवीचं तोंड उघडलं. मामाजी मात्र काठा तसाच धरून बसले आणि घराकडे तोंड करून त्यांनी हाक दिली.

"सूनबाई, तिकीट आन."

मी आणलं. त्याची कड दारूने काळी झाली होती. मामाजींनी काठा राशीवर टेकवला, तिकीट डाव्या हातात धरलं, काठ्यावरून एकदाच, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवलं. वरची सगळी शीग राशीत परत पडली. मग त्यांनी ते सपाट माप मुन्शीच्या पिशवीत ओतलं, आणि राम न म्हणता, सगळ्या खळ्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "एक."